जॅकचा मोबाइल आणि वॉल्टची उंची: फॅन थिअरी पारखायची कशी

२३ मे २००७ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'लॉस्ट' मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा अखेरचा जोडभाग दाखवला गेला. नाव होतं 'थ्रू द लुकिंग ग्लास'. त्यात डॉक्टर जॅक शेफर्ड दाढी वाढलेला, गोळ्या आणि दारूच्या अमलाखाली लॉस एंजेलिसमध्ये भरकटताना दिसतो. मध्येच तो एक चपटा, घडी होणारा मोबाइल काढून कुणाला तरी फोन लावतो. बहुतेक प्रेक्षक जॅकचा चेहरा बघत होते, काहींचं लक्ष फोनकडे गेलं. तो मोटोरोलाचा रेझर होता, आणि रेझर दुकानांत आला २००४ च्या अखेरीला. जॅकचं विमान बेटावर कोसळलं होतं २२ सप्टेंबर २००४ ला. मग अपघाताआधीच्या जॅककडे हा फोन आला कुठून?

पुढे जाण्याआधी एक सूचना: ज्यांना 'लॉस्ट' अजून कोरी पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं. खाली सगळंच उघड केलेलं आहे.

न पाहिलेल्यांसाठी पार्श्वभूमी एवढी पुरे. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं, काही प्रवासी वाचतात. पहिल्या सीझनपासून प्रत्येक भागाची बांधणी साधारण एकच होती. बेटावरची आजची गोष्ट चालू, मग कॅमेरा एखाद्या पात्राच्या चेहऱ्यावर स्थिरावतो, 'सूं' असा आवाज येतो आणि आपण त्या पात्राच्या भूतकाळात जातो. फ्लॅशबॅक. तीन सीझन हा रिवाज इतका पक्का झाला होता की तो आवाज आला की प्रेक्षक 'हे अपघाताआधीचं' असं आपोआप धरून चालायचे. या भागाने नेमका तोच भरवसा मोडला. दाढीवाला जॅक भूतकाळातला नव्हता. बेटावरून सुटून घरी परतलेला, आणि परत आल्याचा पश्चात्ताप करणारा तो भविष्यातला जॅक होता. शेवटच्या दृश्यात विमानतळाजवळ त्याला भेटायला गाडीतून त्याची बेटावरची सोबती केट उतरते आणि खेळ उलगडतो, कारण अपघातापूर्वी जॅक आणि केट एकमेकांना ओळखतच नव्हते.

म्हणजे फोनवरून वेळ ओळखणाऱ्यांचा तर्क बरोबर निघाला. पण तो नुसता बरोबर निघाला म्हणून चांगला नव्हता. तो चांगला का होता, हे समजलं तर कुठल्याही रहस्यमालिकेतली फॅन थिअरी, म्हणजे चाहत्यांनी खुणांवरून बांधलेला तर्क, तोलता येते.

पडद्यावर काहीही खटकलं तर त्याची दोन प्रकारची उत्तरं असू शकतात. एक गोष्टीच्या आतलं: कथेच्या जगात असं का घडलं? दुसरं गोष्टीच्या बाहेरचं: मालिका बनवणाऱ्यांनी असं का केलं, किंवा त्यांना तसं का करावं लागलं? फोनच्या बाबतीत बाहेरचं उत्तर सहज सुचतं. शूटिंग २००७ मधलं, दृश्यातल्या वस्तू पुरवणाऱ्या प्रॉपर्टी विभागाने समोर मिळाला तो फोन दिला, तारखा जुळवायचं राहून गेलं. अशा चुका मालिकांमध्ये पोत्याने सापडतात. एकटा फोन म्हणूनच कमकुवत पुरावा होता. तो भक्कम झाला तो आजूबाजूच्या गोष्टींमुळे. आधीच्या कुठल्याही फ्लॅशबॅकमध्ये जॅक इतका मोडलेला दिसला नव्हता, ही दाढी त्याच्या ज्ञात आयुष्यात कुठेच बसत नव्हती, आणि ज्या अंत्यसंस्कारासाठी तो जातो तो कुणाचा हे दिग्दर्शक मुद्दाम लपवत होता. निरनिराळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर प्रत्येकीसाठी 'प्रॉपर्टीवाल्याची चूक' म्हणणं हीच ओढाताण ठरते.

आता याच भागातलं दुसरं दृश्य घ्या. अपघातातून वाचलेला लॉक, बेटावरच्या जुन्या रहिवाशांचा म्होरक्या बेन याने गोळी झाडल्यावर, प्रेतांनी भरलेल्या खड्ड्यात पडलेला आहे, जगायची आशा सोडून. तेवढ्यात खड्ड्याच्या काठावर वॉल्ट हा विमानातलाच मुलगा उभा दिसतो आणि त्याला उठायला सांगतो, अजून काम बाकी आहे म्हणतो. वॉल्ट बेट सोडून गेलेला, त्यामुळे तो इथे येणंच गूढ. त्यात तो चांगलाच उंच झालेला, आवाजही बदललेला. वेड लावणारी खूण! तो भविष्यातून आला आहे का? बेटाबाहेर काळ वेगाने धावतो का? बेटच वॉल्टचं रूप घेऊन बोलतंय का?

बाहेरचं उत्तर मात्र साधं आहे. मालिकेची पहिली तीन वर्षं म्हणजे बेटावरचे जेमतेम तीन महिने. वॉल्टचं काम करणारा माल्कम डेव्हिड केली पहिल्या सीझनमध्ये बारा वर्षांचा होता, या भागाच्या वेळी पंधराचा. त्या वयातली पोरं तीन वर्षांत केवढी वाढतात हे सांगायला नको, आणि पटकथेत कितीही कसब असलं तरी हाडांची वाढ रोखता येत नाही. पहिल्या सीझनमध्ये वॉल्टभोवती एवढं गूढ उभं केलं आणि दुसऱ्यापासून तो जवळपास गायबच झाला, त्यामागे मोठं कारण हेच.

गंमत म्हणजे लेखकांनी ही अडचण नंतर गोष्टीतच ओवून घेतली. पुढच्या सीझनमध्ये लॉक इतरांना सांगतो की वॉल्ट दिसला, पण जरा उंच होता. म्हणजे पात्रांनाही ते खटकलं होतं! तरीही खड्ड्याच्या काठावर नक्की कोण आलं होतं, याचं सरळ उत्तर मालिकेने शेवटपर्यंत दिलं नाही. २०१० मध्ये डीव्हीडीसोबत आलेल्या छोट्या उत्तरकथेत वॉल्ट पुन्हा दिसतो, पार तरुण झालेला, आणि अपघातातून वाचलेल्यांपैकी ह्यूगो त्याला बेटावर परत न्यायला येतो. वॉल्टचा धागा अर्धवट सुटल्याची बोच बनवणाऱ्यांनाही असावी, असा त्याचा अर्थ मी लावतो.

एकाच भागातल्या दोन विसंगती. फोन हा खरा दुवा, उंची ही मजबुरी. पडद्यावर दोन्ही सारख्याच खटकतात, तिथे त्यांच्यात फरक करता येत नाही. फरक कळतो तो बाहेर बघितलं तर: कुठली गोष्ट बनवणाऱ्यांच्या हातात होती आणि कुठली नव्हती? फोन कुठला द्यायचा हे त्यांच्या हातात होतं. पोराची वाढ नव्हती. माझ्या लेखी फॅन थिअरी पारखण्याची सगळ्यात उपयोगी कसोटी हीच, आणि बहुतेक फसलेल्या थिअऱ्या इथेच घसरलेल्या दिसतात. त्या सगळ्या खटकणाऱ्या गोष्टींना एकाच मापाने मोजतात.

अभिनेत्यांचं जाणं-येणं हा तर या मजबुरीचा ठळक नमुना. याच सीझनमध्ये मिस्टर एको हे पात्र अचानक मारलं गेलं. त्याच्या मरणाचा खोल अर्थ लावणारं पुष्कळ लिहिलं गेलं, पण ते काम करणारे अडेवाले अकिनोये-अगबाजे यांनाच मालिका सोडायची होती. अर्थ लावू नये असं नाही, लेखकही अशा वेळी मृत्यूला कथेत अर्थ द्यायचा प्रयत्न करतातच. फक्त 'हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं' हा दावा त्यावर उभा राहत नाही.

हा खेळ टीव्हीपेक्षा जुना आहे. शेरलॉक होम्सच्या गोष्टी सांगणाऱ्या डॉक्टर वॉटसनची युद्धातली जखम एका कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. कॉनन डॉयल विसरले, हे बाहेरचं उत्तर. पण होम्सच्या चाहत्यांना त्यात काय मजा? त्यांनी दोन गोळ्या लागल्याचे, एकच गोळी वेड्यावाकड्या वाटेने गेल्याचे सिद्धान्त मांडले. १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या रोनाल्ड नॉक्स यांनी होम्सकथांवर जणू धर्मग्रंथाची चिकित्सा चालली आहे अशा थाटात एक निबंध वाचला आणि या खेळाला प्रतिष्ठा दिली. आजही चाहते आतल्या उत्तराला 'वॉटसनियन' आणि बाहेरच्या उत्तराला 'डॉयलिस्ट' म्हणतात. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल, ही दोन उत्तरं वेगळी ठेवायची एवढं कळलं की झालं.

पुन्हा जॅककडे येऊ, कारण या भागाची खरी कारागिरी त्याच्या संवादांत आहे. हॉस्पिटलमध्ये नशेतला जॅक नव्या वरिष्ठ डॉक्टरवर ओरडतो की माझ्या वडिलांना खाली बोलवा, मी त्यांच्यापेक्षा जास्त प्यायलेला असेन तर मला खुशाल काढून टाका. औषधांच्या दुकानात तो जी चिठ्ठी देतो तिच्यावरही वडिलांचं, म्हणजे डॉक्टर क्रिश्चन शेफर्ड यांचं नाव असतं. आता हे वडील सिडनीत वारलेले होते आणि त्यांचीच शवपेटी घेऊन जॅक त्या विमानात बसला होता. ते जिवंत असल्यासारखं जॅक बोलतोय म्हटल्यावर हा काळ अपघाताआधीचाच, असं प्रेक्षकाने धरलं तर त्याचं काय चुकलं?

शेवट कळल्यावर मात्र हीच दोन दृश्यं पुन्हा पाहा. दुकानातली चिठ्ठी खोटी आहे, मेलेल्या बापाच्या नावावर मुलगा गोळ्या उचलतोय. हॉस्पिटलमधलं ओरडणं म्हणजे नशेत भान सुटलेल्या माणसाची बडबड. पूर्वपत्नी सारा हॉस्पिटलमध्ये येते, कारण आणीबाणीत कळवायचं नाव म्हणून जॅकच्या कागदावर अजून तिचंच नाव आहे. पहिल्यांदा पाहताना वाटतं, घटस्फोट ताजा असेल. दुसऱ्यांदा पाहताना कळतं, या माणसाच्या आयुष्यात त्यानंतर दुसरं नाव लिहावं असं कुणी उरलेलंच नाही. वाक्य तेच, अर्थ दोन, आणि दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा जास्त दुखरा. याला मी उत्तम चकवा म्हणतो.

वडिलांच्या वाक्यावर मात्र चाहते सहजी गप्प बसले नाहीत. काहींच्या मते हा लेखकांचा रडीचा डाव होता, तर काहींनी थेट समांतर काळाची थिअरी मांडली: जॅकच्या परतण्याने इतिहास बदलला आणि त्या जगात वडील जिवंतच आहेत. रडीच्या डावाचा आक्षेप मला थोडा पटतो. नशा हे कारण पुरेसं आहे, पण ते वाक्य जॅकच्या तोंडी आलं ते प्रेक्षकाला फसवण्यासाठीच, हेही खरं. समांतर काळाची थिअरी मात्र जिथे एका दारुड्याच्या बडबडीने काम भागतं, तिथे नवं विश्व उभं करायला निघाली होती. अशा वेळी लहान उत्तराला पहिला मान द्यावा.

आता शवपेटी. जॅक वर्तमानपत्रातलं एक कात्रण फाडून घेतो आणि मग एका अंत्यसंस्कारगृहात जातो. तिथे दुसरं कुणीही आलेलं नसतं. मित्र की नातेवाईक, असं विचारल्यावर तो 'दोन्ही नाही' म्हणतो. पेटीत कोण हे दाखवत नाहीत. अंत्यसंस्कारगृहाचं नाव 'हॉफ्स-ड्रॉलर'. चाहत्यांनी त्याच्या स्पेलिंगमधली बारा अक्षरं उलटसुलट केली तेव्हा नेमके 'फ्लॅश फॉरवर्ड', म्हणजे भविष्यात झेप, हे शब्द तयार झाले. हा योगायोग मानणं कठीण. 'लॉस्ट'ने ही युक्ती आधीही केली होती: पहिल्या सीझनमध्ये प्रवाशांत मिसळलेल्या घुसखोराचं नाव ईथन रोम होतं, त्याची अक्षरं जुळवली की 'अदर मॅन' होतं, आणि बेटावरच्या जुन्या रहिवाशांना मालिकेत 'अदर्स'च म्हणत. दुकानाच्या पाटीवर काय लिहायचं हे शंभर टक्के बनवणाऱ्यांच्या हातात असतं. ते नाव कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, म्हणून अशी खूण वजनदार.

मग कात्रणही तितकंच वजनदार मानायचं? चाहत्यांनी चित्र थांबवून, मोठं करून ते अक्षरन्‌अक्षर वाचलं. मयताचं आडनाव लँथम, राहणारा न्यूयॉर्कचा, गळफास घेतलेला, आणि मागे एक किशोरवयीन मुलगा. झालं! न्यूयॉर्क आणि किशोरवयीन मुलगा म्हटल्यावर वॉल्टचा बाप मायकेल सोडून दुसरं कोण? त्याने आधी दोन सोबत्यांचा खून केला होता, त्यामुळे शेवटच्या दृश्यातला 'मी त्याच्या अंत्यविधीला कशाला जाऊ' हा केटचा तुटक सूरही जुळत होता. उपलब्ध पुराव्यावर ही थिअरी झकास होती.

आणि ती चुकली. वर्षभराने, २९ मे २००८ ला चौथ्या सीझनच्या अखेरच्या भागात पेटी उघडली तेव्हा आत लॉक होता, जेरेमी बेंथम असं खोटं नाव घेतलेला. त्याच भागात मायकेल जहाजावरच्या स्फोटात मेला. लॉकला मुलगा नव्हता, आणि आडनावही लँथमचं बेंथम झालं होतं. त्याने गळफास घेतल्याचा देखावा होता, प्रत्यक्षात बेनने त्याला मारलं होतं, हे पाचव्या सीझनमध्ये दाखवलं. म्हणजे कात्रणातला ठळक भाग टिकला, बारीक मजकूर टिकला नाही.

इथे आपल्या कसोटीला एक पुरवणी लागते. गोष्ट बनवणाऱ्यांच्या हातात होती, एवढंच विचारून भागत नाही. ती प्रेक्षकाने बघावी म्हणून ठेवली होती का, हेही विचारावं लागतं. अंत्यसंस्कारगृहाची पाटी कॅमेऱ्याने सरळ दाखवली. कात्रणातला बारीक मजकूर पडद्यावर कुणाला वाचताच येणार नाही अशा बेताने आला. वस्तू रिकामी दिसू नये म्हणून भरलेला मजकूर आणि मुद्दाम पेरलेला मजकूर झूम करून बघितला की एकसारखाच दिसतो. तीन सीझन प्रेक्षकांना कानाकोपऱ्यात दुवे शोधायची सवय लावल्यावर ते कात्रणही चाळणारच, हे बनवणाऱ्यांनी ओळखायला हवं होतं असं माझं मत. दुसऱ्याच सीझनमध्ये बंकरच्या दारावर अतिनील प्रकाशात क्षणभर दिसलेला हाताने काढलेला नकाशा चाहत्यांनी अख्खा उतरवून काढला होता, आणि तो खरोखर वाचण्यासाठीच होता. मग यावेळी त्यांनी झूम केलं तर दोष त्यांना कसा द्यायचा?

शवपेटीचं रहस्य फुटू नये म्हणून बनवणाऱ्यांनी पेटीत सॉयर आणि डेसमंड ही बेटावरची दुसरी पात्रं असलेले वेगळे शेवटही चित्रित केले होते. ते नंतर टीव्हीवर दाखवलेही. सीझनच्या शेवटच्या गुप्त दृश्यांना ते सांकेतिक नावं द्यायचे, तिसऱ्या सीझनच्या दृश्याचं नाव होतं 'टपालपेटीतला रॅटलस्नेक'. एवढी पाळत असताना सेटवरून फुटलेल्या बातमीवर थिअरी बांधणं किती धोक्याचं, ते वेगळं सांगायला नको.

याच भागातल्या चार्ली या प्रवाशाच्या मरणाबद्दल आजही वाद होतो. समुद्राखालच्या ठाण्यातल्या एका खोलीत तो दार आतून लावून घेतो, गोल खिडकी फुटते, पाणी भरतं. बेटाजवळ आलेलं जहाज डेसमंडची प्रेयसी पेनी हिचं नाही हे तळहातावर लिहून तो काचेतून डेसमंडला दाखवतो आणि बुडतो. आक्षेप दोन: दार बाहेरून लावता आलं असतं, आणि त्या खिडकीतून पोहत बाहेरही पडता आलं असतं. विज्ञानाच्या बाजूनेही प्रश्न काढता येतात. या ठाण्याच्या जमिनीतच समुद्राकडे उघडणारा पाण्याचा चौक आहे. तिथून पाणी वर येत नाही, कारण आतल्या हवेचा दाब त्या पातळीवरच्या पाण्याच्या दाबाएवढा असतो. खिडकी त्या पातळीच्या वर असेल तर फुटल्यावर आधी हवा बाहेर पडायला हवी. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून रहस्य निघत नाही. पुढचं दिसणाऱ्या डेसमंडला दिसलं होतं की चार्ली मेला तरच त्याची सोबती क्लेअर आणि तिचं बाळ सुटतील, आणि चार्लीने ते मान्य केलं होतं. तो वाचायचा प्रयत्न करत नाही, हेच त्या दृश्याचं म्हणणं. बाकी दोष दृश्य रचणाऱ्यांचा.

या सगळ्यात एक बाहेरची गोष्ट राहून जाते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. हा भाग दाखवण्याच्या काहीच आठवडे आधी एबीसीने जाहीर केलं होतं की 'लॉस्ट' आणखी ४८ भागांनंतर, २०१० मध्ये संपेल. शेवट कधी हे माहीत नसताना लेखक पात्रांना बेटावरून सोडवूच शकत नव्हते, सोडवलं की मालिका संपली. तारीख ठरल्यामुळे 'सुटतील का' हा प्रश्न बाजूला ठेवून 'सुटल्यावर काय बिघडलं' हा प्रश्न विचारता आला. त्या आठवड्यातली व्यवसायाची बातमी नीट वाचणाऱ्याला मालिका काहीतरी मोठं वळण घेणार याचा अंदाज कुठल्याही फोनशिवाय आला असता.

शेवटी सगळ्यात चिवट थिअरीबद्दल: विमान पडलं तेव्हाच सगळे मेले होते आणि बेट म्हणजे पापं फेडायची जागा. निर्मात्यांनी पहिल्या सीझनपासून ती नाकारली. २३ मे २०१० च्या अंतिम भागात, पात्रं मृत्यूनंतर जिथे भेटतात तिथे, क्रिश्चन शेफर्ड जॅकला समजावतो की जे घडलं ते खरंच घडलं, आणि इथे जमलेल्यांपैकी काही तुझ्याआधी मेले, काही तुझ्यानंतर फार उशिरा. तरीही त्या रात्री असंख्य प्रेक्षक 'म्हणजे सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते' असं म्हणत उठले. त्यात श्रेयनामावलीच्या मागे आलेल्या चित्रांनी भर घातली होती: ओसाड किनारा, विमानाचे तुकडे, माणूस एकही नाही. ती चित्रं एबीसीने लावली होती. नंतर वाहिनीने खुलासा केला की ती कथेचा भाग नाहीत, बातम्या सुरू होण्याआधी प्रेक्षकांना सावरायला थोडा अवधी मिळावा एवढ्यासाठी टाकली होती.